काठावरचं प्यादं

माझ्या लग्नात रुखवतावर काजूचा पोपट होता, लोकरीचं तुळशीवृंदावन होतं, साबणाच्या वड्यांचा रथ होता आणि या सगळ्यांच्या मधोमध बुद्धिबळाचा एक पट मांडलेला होता. पटावर सोंगट्या मोजक्याच होत्या. मला वाटलं, पोरांनी बाकीच्या पळवल्या असतील. शेजारी पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं : ‘पांढऱ्याची खेळी. दोन खेळींत मात. नवरदेवानं सोडवल्यावरच पान वाढलं जाईल.’

मी लातूरचा. एका कॉलेजात ग्रंथपाल. बुद्धिबळाशी माझा संबंध घोडा अडीच घरं जातो इथपर्यंतच. त्यातून नांदेडच्या त्या मंगल कार्यालयात जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती. मुलीकडचे एक वडीलधारे, माजी मुख्याध्यापक निटूरकर सर, आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला माईकपाशी गेले होते आणि त्यांनी वधूच्या पणजोबांच्या जन्मापासून सुरुवात केली होती. अक्षता हातात धरून धरून लोकांच्या तळहातांना हळद लागली होती. आता त्या सगळ्यांची भूक माझ्या डोक्यावर येऊन बसली.

मी पांढरा वजीर उचलला. का, तर तो हाताशी होता. नेऊन सरळ काळ्या राजासमोर ठेवला आणि म्हटलं, “शह.” मुलीकडची मंडळी खो खो हसली.

तेवढ्यात एक उंच, सडसडीत बाई पुढं आल्या. सुती साडी, नाकावर एक चष्मा आणि केसांत खोचलेला दुसरा. त्यांनी नाकावरचा वर ढकलला, केसांतला खाली ओढला आणि पटावर वाकल्या. मग काळा राजा त्यांनी स्वतःच उचलून बाजूच्या घरात ठेवला. त्याला जायला तेवढं एकच घर होतं. मग मला पांढरा घोडा दाखवला. मी तो त्यांनी बोट ठेवलेल्या घरात नेऊन ठेवला.

“झाली की मात,” त्या म्हणाल्या. “वाढा पानं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला होता.

या इंदुमती आत्या. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. आत्या डोळे पुसत माझ्याजवळ आल्या. भाचीला नीट सांभाळा म्हणतील असं वाटून मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “तो उंट मी एक घर मागं ठेवला असता ना जावईबापू, तर तुमची वाट बंद झाली असती.”

सहा महिने मला याचा अर्थ कळला नाही. पुढं बायकोनं, म्हणजे शुभानं, समजावलं. आत्या बुद्धिबळ खेळत नसत, बुद्धिबळाची कोडी रचत. खेळणाऱ्याला जिंकायचं असतं, मग कुठल्याही वाटेनं का होईना. रचणाऱ्याला मात्र जिंकायची एकच वाट ठेवायची असते. पांढऱ्याची पहिली खेळी ठरलेली, तिला ते लोक किल्ली म्हणतात. त्या एका किल्लीशिवाय दुसऱ्या कशानंही कुलूप उघडलं, तर कोडं बाद. आत्यांच्या कोड्याची किल्ली होती हत्तीची एक मुकाट खेळी. मी भुकेच्या भरात वजीर आपटला आणि दुसरी वाट निघाली.

पुढच्या भेटीत मी त्यांना सरळ सांगून टाकलं की आत्या, मला काहीएक कळत नव्हतं, मला फक्त जेवायचं होतं.

“हाव, ते कळलंच मला,” आत्या म्हणाल्या. “तुमच्या तोंडावर दिसून राहिलं होतं. म्हणून तर तुम्ही कामाचे. जाणता माणूस काय करतो, असली खेळी कोण शहाणा खेळेल म्हणून ती बघतच न्हाई. तुम्ही कोणतीच खेळी सोडत न्हाई.”

शुभाच्या मते हे माझं कौतुक होतं. मी अजून विचार करतो आहे.

दुसऱ्या वाटेची आत्यांना एवढी धास्ती का, तेही शुभानंच सांगितलं. तरुणपणी त्यांचं पहिलं कोडं एका साप्ताहिकात छापून आलं. पेढे वाटले गेले. त्यानंतर धर्माबादचा एक धान्याचा व्यापारी लग्नकार्याला नांदेडला आला, तो पत्ता विचारत विचारत त्यांच्या घरी पोचला. खिशातून कापलेलं कोडं काढलं, म्हणाला, “बाई, ह्ये प्यादं पुढं टाकलं तरी मात होतीय बघा.” खरंच होत होती. “चहा पिऊन गेला,” आत्या सांगत, “आणि माझी झोप घेऊन गेला.” त्यानंतर त्यांनी निवृत्त होईपर्यंत एकही कोडं छापायला दिलं नाही. रचत, मांडत आणि मोडून टाकत. माझ्या लग्नातलं रुखवत ही त्यांची इतक्या वर्षांनंतरची पहिली हिंमत. आणि तिथं मी वजीर घेऊन उभा.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. कोणी खोदून विचारलंच, तर म्हणत, “तिसऱ्या खेळीपर्यंत थांबायची कोणाची तयारी नव्हती.”

घरातही त्या कोडं रचल्यासारख्याच राहत. त्यांचा पहिला नियम होता की पटावर बिनकामाचं सोंगटं ठेवायचं नाही. प्रत्येकानं काही करायला पाहिजे. कोणी घर राखावं, कोणी वाट अडवावी, नाहीतर पेटीत जावं. तो नियम स्वयंपाकघरातही चाले. त्यांच्याकडं दोन पळ्या नव्हत्या. दिवाणखान्यात शोभेची वस्तू म्हणून एक नाही. कोणी भेट म्हणून फुलदाणी दिली, तर आत्या तिला हातात फिरवून विचारत, “काम काय हिचं?” आणि चार दिवसांत त्या फुलदाणीत लाटणं उभं दिसे. मी एकदा अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण जेवायला गेलो होतो. जेवून सोफ्यावर जरा कलंडलो, तर त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. मी उठलो आणि उगाच पंखा पुसायला घेतला.

“बसा, बसा,” त्या म्हणाल्या. “काही सोंगटी कशाला असतात ते शेवटी कळतं.”

तेव्हा मला ती थट्टाच वाटली होती.

रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत वर्ग भरे. कोडी सोडवायचा नव्हे, रचायचा. शाळकरी मुली असत, एक औषध दुकानदार असे, दवाखान्यातली एक नर्स रात्रपाळी संपवून थेट येई. पहिल्या दिवशी आत्या सगळ्यांच्या हातांतल्या सोंगट्या काढून घेत आणि पटावर फक्त काळा राजा ठेवत. “आधी मात मांडा,” त्या म्हणत. “मग एकेक पाऊल मागं चला. लग्नात काय करता, मुहूर्त आधी धरता, मग पोरगा हुडकता. तसंच हे.” औषध दुकानदारानं पहिल्याच रविवारी अख्ख्या फौजेनिशी एक कोडं रचून आणलं. त्यात काळा राजा इतका गच्च कोंडलेला होता की आत्या म्हणाल्या, “याला मात कशाला पाहिजे? हा गुदमरूनच मरून राहिला.”

त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. नवशिक्याला हातात धरायला मराठीत काही नव्हतं. असलेली पुस्तकं इंग्रजीतली आणि तीही आधीच येणाऱ्यांसाठी लिहिलेली. “शिडीची पहिली पायरी सगळ्यांनी उचलून नेलीय,” त्या म्हणत. “चढायला लावतात दुसरीपासून.” म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. छोटंसं पुस्तक, शेवटच्या धड्यात त्यांचं स्वतःचं सगळ्यांत लाडकं कोडं. नवशिक्या म्हणून तपासायला अख्ख्या नातेवाइकांत त्यांना मीच लायक वाटलो. फोन येई.

“काल पाठवलेला धडा वाचला?”

“वाचला.”

“कळला?”

“कळला, आत्या.”

“पहिल्या वाचनात?”

“हो.”

“मग चुकलं माझं काहीतरी. तुम्हाला एवढ्यात कळला म्हणजे मी कुठंतरी पायरी खाल्ली. परत लिहिते.”

अशा रीतीनं, माझ्या डोक्याच्या जाडीवर घासून घासून, ते पुस्तक पातळ आणि स्वच्छ होत गेलं.

छपाई लातूरला करायची ठरली, कारण मी लातूरला आणि गंजगोलाईजवळचे नबीभाई माझ्या ओळखीचे. नबीभाईंचं छापखान्यातलं बहुतेक आयुष्य लग्नपत्रिकांत गेलेलं. आधी ते पटाच्या आकृत्या पाहून दचकले. पण मग त्यांना गोडी लागली. मुद्रितं आणायला गेलो की टेबलावर पट मांडलेला, चहाच्या कपात काळे उंट.

“साहेब, आत्याबाईनं क्या लिखा है,” ते म्हणायचे. “तिसरा धडा मी दोनदा वाचला. आपुन तो समझते थे सब सोंगट्या लढते. इधर तो आधे नुसते खडे रहते.”

शेवटची मुद्रितं आत्यांनी तपासली, शुभानं मोबाईलवरच्या प्रोग्रामात एकेक कोडं घालून पाहिलं. सगळी एकेकच वाट दाखवत होती. तरीही आत्यांनी मला फोनवर बजावलं. “छापून आल्यावर एक जरी दुसरी वाट निघाली, तर एकही प्रत बाहेर जाऊ द्यायची न्हाई. सगळी परत न्यायची. नवशिक्या पोरीनं चुकीचं कोडं शिकावं आणि तेही माझ्या हातून, हे मला जमणार न्हाई.” आवाज शांत होता. धर्माबादचा व्यापारी फोनच्या पलीकडं चहा पीत बसला आहे असं मला वाटलं.

रविवारी दुपारी आत्यांच्या जुन्या शाळेत प्रकाशन ठरलं. शनिवारी सकाळी नबीभाईंच्या छापखान्यातून ताजी खोकी उचलून मी नांदेडच्या बसमध्ये बसलो. दिवाळीपासून शुभा माहेरी, आत्यांच्या मदतीलाच होती, त्यामुळं हमालीही माझीच. अहमदपूरला बस थांबली, तेव्हा वेळ जावा म्हणून एक प्रत काढली आणि शेवटचं कोडं उघडलं. इतकी वर्षं त्यांची कोडी मी सोडवत आलो होतो, म्हणजे थोडा वेळ बघून मागचं उत्तर वाचत आलो होतो. आज म्हटलं, प्रामाणिकपणे बघू.

आणि मला उत्तर सापडलं. कंडक्टरनं घंटी मारायच्या आत. वजीर डाव्या काठानं सरळ वर न्यायचा, मग काळ्यानं काहीही करो, मात. मी उत्तरांचं पान काढलं. तिथं घोड्याची खेळी होती.

माणूस अशा वेळी हरखून जातो. मी गारठलो. मला सापडलं म्हणजे कोडं चुकलं असणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पानाचा फोटो काढून शुभाला पाठवला. लोह्याच्या अलीकडं तिचा फोन आला.

“प्रोग्राम दोन उत्तरं दाखवतोय.” ती हळू बोलत होती, म्हणजे आत्या जवळपास होत्या. “मागच्या वेळी तर एकच होतं हो.”

“आता?”

“आता काही नाही. उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या. तोवर तोंडातून एक शब्द काढू नका. तिला आता हे झेपायचं नाही.”

नांदेड येईपर्यंत मी गप्प राहण्याचा सराव केला. आत्यांच्या घरात शिरलो. आत्या दारातच उभ्या, दोन्ही चष्म्यांसह. खोकी खाली ठेवली, पाणी प्यायलो, ऊन फार आहे म्हणालो. डिसेंबर होता.

“कितवं पान?” आत्यांनी विचारलं.

“काय कितवं?”

“जावईबापू, तोंडावर दिसून राहिलं तुमच्या. लग्नात दिसलं होतं तसंच.”

शुभानं डोळे मिटून घेतले. मी शेवटचं पान उघडून दिलं. आत्यांनी चष्मे बदलले आणि खुर्चीत बसल्या. मला त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत उभा राहिलो. आता या म्हणतील, परत न्या. आणि मी नेणार, आणि या पुन्हा रचणार, मांडणार, मोडणार.

“माझं प्यादं कुठं गेलं?” आत्या म्हणाल्या.

डाव्या काठावर एक काळं प्यादं होतं. आमच्या तपासलेल्या मुद्रितात ते होतं. शुभानं जाऊन तो कागद काढून आणला. छापलेल्या पानावर ते घर रिकामं होतं. मी नबीभाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“हां साहेब, वो प्यादं,” नबीभाईंचा आवाज एकदम खुशीत आला. “वो मैंने निकाला. प्लेट करायच्या टाइमाला.”

“निकाला? का?”

“काम क्या था उसका? मी बराच टाइम देखा. ना मारता, ना मरता, ना शह देता. आत्याबाईनंच लिखा है ना पहिल्या धड्यात, बिनकामाचं सोंगटं पटावर ठेवायचं न्हाई. मैं बोला, बुजुर्ग हैं, नजर से छूट गया होगा. छापून आल्यावर खुश होतील.” मग जरा थांबून, “खुश हैं ना?”

आत्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. शुभा पुढं झाली. पण आत्या हसत होत्या. आवाज न करता, पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना असं हसताना मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

“नबीभाई,” त्या फोनकडं वाकून म्हणाल्या, “तुम्ही माझे पहिले विद्यार्थी. नुसतं पुस्तक वाचून शिकलेले.”

“मतलब बरोबर किया?”

“चूक केलं. पण धडा बरोबर शिकलात.” आणि त्यांनी नबीभाईंना समजावलं की ते प्यादं काही करत नाही हे खरंच आहे. ते नुसतं उभं राहतं. पण ते तिथं उभं असतं म्हणून वजिराला काठाकाठानं वर जाता येत नाही. ते काही करत नाही, नको ते होऊ देत नाही, एवढंच.

“अरे अल्ला,” नबीभाई म्हणाले. “ये तो लिखनेकाच रह गया आपसे.”

आत्या चमकून माझ्याकडं पाहायला लागल्या. “खरंच की. हे मी लिहिलंच न्हाई. पहिल्या धड्यात नियम सांगितला, पण असंही सोंगटं असतं, हे पुढं कुठंच सांगितलं न्हाई. आणि तुम्ही हो? तुम्हाला कसं खटकलं न्हाई?”

मी म्हटलं, मला वाटलं ते प्यादं शोभेला आहे.

प्रती परत गेल्या नाहीत. आत्यांनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या, शुभा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांच्या पट्ट्या काढून घेऊन आली. ‘या पटावरून एक काळं प्यादं काढून घेतलं आहे. त्यामुळे मात करायच्या दोन वाटा झाल्या आहेत. दुसरी वाट शोधा. मग ते प्यादं कुठं ठेवल्यावर ती बंद होईल ते ठरवा. हे प्यादं लढत नाही, म्हणून ते बिनकामाचं आहे असं समजू नका. या धड्याबद्दल श्री. नबीभाई यांचे आभार.’ मागचं उत्तर बदलावंच लागलं नाही. प्यादं काही करतच नसल्यानं उत्तरात त्याचं नाव नव्हतं.

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं कणकेची खळ करून पट्ट्या चिकटवत होतो. मध्ये शुभानं खायला चुरमुऱ्यांचा सुशीला केला. आत्या एकेक प्रत हातात घेत, पट्टी सरळ बसली का बघत आणि मधूनच पुन्हा हसायला लागत. “आता सगळं पुस्तक झालं बघा,” त्या म्हणाल्या. छातीवरचं कुठलंसं मोठं खोकं कोणी उतरवून घ्यावं, तसा त्यांचा आवाज आला होता. शेवटची प्रत संपली, तेव्हा त्यांनी दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले आणि तशाच, उघड्या डोळ्यांनी, बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या.

पुढच्या पावसाळ्यात आत्या झोपेतच गेल्या. मधल्या काळात फोन पुष्कळ झाले, भेट मात्र झाली नाही. त्यामुळं त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पट्ट्या चिकटवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळेच्या सभागृहात.

कार्यक्रमाआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. व्यासपीठाच्या डाव्या पायऱ्यांशेजारी, अगदी भिंतीलगत एक खुर्ची होती. “तिथं बसा.”

“काम काय?”

“काही न्हाई. नुसतं बसायचं. पुस्तकांचं एक खोकं घ्या शेजारी. उठायचं न्हाई.”

बसण्याच्या कामात मी तरबेज आहे. बसलो. प्रकाशन झालं, वर्गातल्या एका मुलीनं छान चार वाक्यं सांगितली, आणि मग दुसऱ्या रांगेतून माझ्या लग्नात सगळ्यांची जेवणं लांबवणारे निटूरकर सर उठले. खिशातला कागद चाचपत, भिंतीच्या कडेकडेनं, माईककडं निघाले. माझ्यापाशी येऊन थांबले. एका बाजूला भिंत, एका बाजूला खोकं, मधे माझे गुडघे.

“जरा पाय घेता का?”

मी पाय घेतले. तरी वाट होईना. मी दिलगिरीचं हसलो. सर थोडा वेळ उभे राहिले, मग पहिल्या रांगेतल्या कडेच्या रिकाम्या खुर्चीवर टेकले, माझ्याकडं वळले आणि हळू आवाजात म्हणाले, “दोनच शब्द बोलणार होतो. इंदुमतीबाईंचे आजोबा मूळचे उदगीरकडचे...”

त्यांचं भाषण मी एकट्यानं ऐकलं, पहिल्यापासून. आजोबा अजून शाळेतही गेले नव्हते, तेवढ्यात आभार मानून झाले, लोक टाळ्या वाजवून उठले, मुली पुस्तकं घेऊन आत्यांभोवती जमल्या.

त्या गर्दीतून आत्यांनी केसांतला चष्मा नाकावर ओढला आणि सभागृहावरून नजर फिरवली. शेवटचा हात काढून घेण्याआधी पट बघावा तशी, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. ती नजर भिंतीपाशी माझ्यावर येऊन क्षणभर थांबली. मग पुढं गेली. प्यादं जागेवर होतं.